प्रागच्या बिअरवरील ‘बारा’ हा आकडा टक्क्यांचा नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत युरोपातील शहरांच्या चार-पाच दिवसांच्या सहलींवर लेख येत आहेत. त्यांतला प्रागवरचा लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा आनंदाने, कारण मी आणि माझी पत्नी गेल्या वर्षी मे महिन्यात त्या शहरात पाच दिवस राहून आलो, आणि दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. किल्ल्याचे आणि पुलाचे वर्णन चांगले उतरले आहे. बिअरविषयीचा मजकूर मात्र वाचकाची दिशाभूल करतो. तिथली बिअर ‘बारा टक्क्यांची, आपल्याकडच्या स्ट्राँगपेक्षाही कडक’ असते, ती प्यायची तर जुन्या शहराच्या मुख्य चौकातच प्यावी आणि तरुणांनी रात्रीच्या ‘पब क्रॉल’मध्ये, म्हणजे एका पबातून दुसऱ्या पबात फिरवणाऱ्या सहलीत, सामील व्हावे, असे त्यात म्हटले आहे. या तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. आपला लेख कापून पासपोर्टबरोबर पिशवीत ठेवणारे वाचक मला माहीत आहेत, आम्हीही तेच करतो, म्हणून हे थोडे लांबलेले पत्र.

आधी बारा या आकड्याविषयी. एका सहकारी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी ३१ गळीत हंगाम काढले. उसाचा रस गाळून उंच नळकांड्यात ओतायचा, फेस बसू द्यायचा, त्यात ब्रिक्स हायड्रोमीटर, म्हणजे घनता सांगणारा काचेचा तरंगता मापक, अलगद सोडायचा आणि तो डुलायचा थांबला की डोळा रसाच्या पातळीशी नेऊन आकडा वाचायचा, हे काम पाळी दिवसाची असो की रात्रीची, दर तासाला ठरलेले. शंभर ग्रॅम रसात विरघळलेले पदार्थ किती ग्रॅम, ते ब्रिक्स सांगतो. प्रागच्या पबमधल्या फळ्यावर बिअरच्या नावापुढे १०, ११, १२ असे अंश लिहिलेले असतात, ते याच कुळातले आहेत. कार्ल बालिंग हे प्रागमध्ये शिकवणारे रसायनशास्त्रज्ञ. साखरेच्या द्रावणाची घनता मोजून त्यातली साखर सांगणारी कोष्टके त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तयार केली, जर्मनीत आडोल्फ ब्रिक्स यांनी ती आणखी काटेकोर केली आणि साखरधंद्यात ब्रिक्स यांचे नाव रूढ झाले. कृष्णाकाठच्या कारखान्यात मी ज्या मापाने आयुष्यभर रस तपासला, त्याचे मूळ गाव प्रागच्या व्लतावा नदीच्या काठी आहे, हे मला त्या फळ्यासमोर उभा राहीपर्यंत सुचले नव्हते.

बिअरच्या बाबतीत हा अंश आंबवण्याआधीच्या गोड पाण्याचा असतो. सातूला मोड आणून, ते वाळवून, भरडून आणि गरम पाण्यात शिजवून जो गोड काढा निघतो, त्याचा. त्यातली बरीचशी साखर यीस्ट खाते व तिचे अल्कोहोल होते, काही भाग मागे उरतो. त्यामुळे दहा अंशांच्या बिअरमध्ये साधारण ४ टक्के आणि बारा अंशांच्या बिअरमध्ये साधारण ५ टक्के अल्कोहोल असते. पिल्सनर उर्क्वेल ही प्ल्झेन शहराची प्रसिद्ध बिअर बाराच्या आसपासची असूनही तिच्यात ४.४ टक्केच भरते, कारण तिच्यात न आंबलेला भाग जास्त ठेवलेला असतो आणि जिभेला जाणवणारा तिचा भरीवपणा त्यातूनच येतो. आपल्याकडच्या स्ट्राँग बिअरच्या बाटलीवर ८ टक्क्यांपर्यंतचा आकडा दिसतो. तेव्हा प्रागची बारा अंशांची बिअर आपल्या स्ट्राँगपेक्षा कडक नाही, चांगलीच सौम्य आहे. तिथले लोक दहा अंशांच्या बिअरला ‘देसीत्का’ आणि बारा अंशांच्या बिअरला ‘द्वानात्स्का’ म्हणतात. हे दोन शब्द ओळखता आले की फळा वाचता येतो.

आता कुठे प्यावी याविषयी. लेखात सुचवलेला चौक खरोखर पाहण्यासारखा आहे. १४१० सालचे खगोलीय घड्याळ तिथे आहे आणि तासाच्या ठोक्याला खिडकीतून सरकणाऱ्या प्रेषितांच्या मूर्ती पाहायला दोन-तीनशे माणसे माना वर करून उभी असतात. आम्हीही उभे राहिलो. पण त्या चौकात छत्रीखाली बसून बिअर मागवली, तेव्हा न मागता समोर आलेल्या पावाच्या टोपलीचे पैसे बिलात लागले आणि पेल्याचा दर पुढच्या चार दिवसांत इतरत्र दिलेल्या दराच्या दुपटीहून अधिक निघाला. त्या हॉटेलचे नाव लिहिण्यात अर्थ नाही, चौकात बसण्याचीच ती किंमत आहे. घड्याळ चौकात पाहावे आणि बिअरसाठी पाच-सात मिनिटे चालून आतल्या गल्लीत जावे.

गल्लीतला पब चांगला की कसा, हे दारातून ओळखता येते. मी चार दिवसांत जे पाहिले ते सांगतो. फळ्यावरची यादी लांबलचक नसते, बहुतेकदा एकाच ब्रुअरीच्या दोन-तीन बिअर असतात. ज्या ठिकाणी थोड्याच प्रकारच्या बिअर भरपूर खपतात, तिथे त्या ताज्या राहतात. जिथे टाकीतली बिअर मिळते तिथे ‘तान्कोव्ना’ असा शब्द दिसतो. आपल्याकडे दूध संघाचा टँकर येतो तसा ब्रुअरीचा टँकर येऊन पाश्चरीकरण न केलेली बिअर पबच्या थंड टाक्यांत भरतो. टाकीत बिअर एका पिशवीत असते आणि बाहेरून हवेचा दाब देऊन ती नळापर्यंत आणतात, त्यामुळे हवा किंवा जादा गॅस तिला शिवत नाही. दुसरी खूण पेल्याची. भरण्याआधी पेला थंड पाण्याने विसळलेला असावा आणि प्रत्येक घोटानंतर पेल्याच्या आतल्या बाजूला फेसाचे कडे उमटून राहावे. काचेवर साबणाचा किंवा तेलाचा अंश असला तर फेस टिकत नाही, हे प्रयोगशाळेत काचसामान धुतलेल्या कोणालाही ठाऊक असते. एका पबमध्ये मी पेला संपवला तेव्हा आतमध्ये सात कडी एकाखाली एक उमटलेली होती, आणि नळावरच्या माणसाने ती पाहून समाधानाने मान डोलावली.

फेसाविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण आपली माणसे तिथेच नाराज होतात. आपल्याकडे पेल्यात फेस जास्त म्हणजे बिअर कमी, अशी समजूत आहे. पहिल्या दिवशी माझ्यासमोर तीन बोटे फेसाचा पेला आला, तेव्हा मलाही फसवल्यासारखे वाटले. मग पेल्यावरची बारीक रेघ दिसली. अर्ध्या लिटरची खूण त्या रेघेवर असते आणि फेस त्या रेघेच्या वर येतो, म्हणजे माप पूर्ण मिळते. तिथला नळ बाजूला फिरवायचा असतो. विचेप्नी, म्हणजे नळ सांभाळणारा माणूस, आधी पेल्यात दाट, ओला फेस सोडतो आणि मग नळाचे तोंड त्या फेसाखाली बुडवून बिअर भरतो, त्यामुळे बिअर वर चढताना फेसाच्या झाकणाखाली राहते आणि हवेने शिळी होत नाही. या नेहमीच्या भरण्याला ‘ह्लादिन्का’ म्हणतात. त्याच पेल्यात बिअर कमी आणि फेस जास्त घेतला तर ‘श्नित’, आणि जवळजवळ सगळा फेसच असेल तर ‘म्लीको’, म्हणजे दूध. म्लीको एका दमात प्यायचे असते, ते गोडसर आणि सायीसारखे लागते. चेक प्रजासत्ताकात दरडोई बिअर जगात सर्वांत जास्त पितात, हे आपल्या लेखात आले आहे. पण हे भरण्याचे काम तिथे शिकून करावे लागते आणि त्या कामाला मान आहे, हेही त्यात यायला हवे होते.

हुसोवा रस्त्यावर ‘उ झ्लातेहो तिग्रा’, म्हणजे सोनेरी वाघाचा पब आहे. लेखक बोहुमिल ह्राबाल तिथले रोजचे गिऱ्हाईक होते, आणि ११ जानेवारी १९९४ रोजी राष्ट्राध्यक्ष वात्स्लाव हावेल यांनी बिल क्लिंटन यांना तिथेच नेऊन ह्राबाल यांच्या टेबलाशी बसवले. स्वतः लिहिलेल्या नाटकांवर बंदी असताना १९७४ मध्ये त्रुत्नोव्ह गावच्या ब्रुअरीत पिंपे ढकलण्याचे काम केलेल्या राष्ट्राध्यक्षाने पाहुण्याला कुठे नेले, हे लक्षात घ्यावे. हा पब दुपारी तीनला उघडतो. आम्ही पावणेतीनला गेलो तेव्हा दाराशी वीस-पंचवीस माणसे उभी होती, त्यांतली निम्मी पांढऱ्या केसांची. आत बरीच टेबले रोजच्या लोकांसाठी राखलेली असतात, आणि राखीव पाटी असलेल्या जागी बसू नये. मोकळ्या खुर्चीशी जाऊन ‘ये तू वोल्नो?’, म्हणजे ‘इथे जागा आहे का?’, एवढे विचारले की अनोळखी लोक सरकून जागा देतात. टेबलावर पुठ्ठ्याची चकती ठेवली की न मागता पेला येतो, आणि कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीची एक रेघ पडते. पेला संपला की पुढचा येतो; नको असेल तर चकती पेल्यावर ठेवायची. शेवटी रेघा मोजून बिल होते. ती चिठ्ठी फाडू किंवा हरवू नये.

आमच्या शेजारी एक सत्तरीचे गृहस्थ बसले होते. त्यांना इंग्रजी येत नव्हते, मला चेक येत नव्हते. मी चकतीच्या मागच्या बाजूला हायड्रोमीटरचे चित्र काढले, त्यावर रेघा आखल्या आणि १२ लिहिले. त्यांनी चित्र आपल्याकडे ओढून त्याखाली एकच शब्द लिहिला, ‘बालिंग’. मग मी ऊस काढला, त्यांनी त्याच्या शेजारी त्यांच्याकडच्या साखरेचे बीट काढले. ती चकती मी आणली आहे.

लेखात स्थळे एकीकडे आणि बिअर दुसरीकडे, असे दोन भाग केले आहेत. प्रागमध्ये असे करण्याची गरज नाही, किंबहुना तसे केल्याने पायपीट वाढते. २२ क्रमांकाची ट्राम पोहोर्झेलेत्सच्या थांब्यावर उतरवते. तिथून स्त्राहोव्ह मठ दोन मिनिटांवर आहे. हा मठ ११४३ सालचा. त्याच्या ग्रंथालयाची दोन दालने दारातूनच पाहू देतात. एक सतराव्या शतकातले आहे, नक्षीदार छताखाली पृथ्वीचे गोल मांडलेले. आणि दुसरे अठराव्या शतकाच्या अखेरचे, अक्रोडाच्या लाकडाच्या कपाटांचे, ज्याच्या छतावर माउलबर्च या चित्रकाराने १७९४ मध्ये चित्र रंगवले. माझी पत्नी शाळेची ग्रंथपाल होती. ती त्या दारात इतका वेळ उभी राहिली की मागच्या लोकांना वाट द्यायला मला तिला हलवावे लागले. मठाच्या आवारातच ब्रुअरी आहे आणि तिथली बिअर संत नॉर्बर्ट यांच्या नावाची. हा संत या मठाच्या पंथाचा संस्थापक, आणि त्याच्या अस्थी इथेच आणलेल्या आहेत. तिथून लोरेटा चर्चच्या घंटा ऐकत खाली उतरत गेले की किल्ला येतो, आणि सकाळच्या गर्दीच्या उलट्या दिशेने आपण उताराने चालतो. गुडघे दुखणाऱ्यांना हा क्रम फार सोयीचा आहे.

तीच ट्राम पुढे ब्रझेवनोव्हला जाते. तिथला बेनेडिक्टाइन मठ ९९३ सालचा आहे, बोहेमिया या चेक प्रांतातला पुरुषांचा पहिला मठ. तिथे ब्रुअरी २०१२ मध्ये पुन्हा सुरू झाली. बाग, चर्च, थोडी माणसे आणि मठाच्या खाणावळीतली बिअर असा अर्धा दिवस आम्ही तिथे घालवला, आणि मराठी तर सोडाच, इंग्रजीही कानावर आली नाही. विशेह्राद या नदीकाठच्या जुन्या किल्ल्याला मेट्रोने जावे. तिथल्या दफनभूमीत स्मेताना आणि द्वोर्झाक हे संगीतकार, मुखा हे चित्रकार आणि ज्यांच्या नाटकातून ‘रोबो’ हा शब्द जगभर गेला ते कारेल चापेक विसावले आहेत. नंतर तटावरच्या बागेत बसून खाली नदी पाहत एक पेला घेता येतो. लेत्ना टेकडीवरच्या बागेत खिडकीतून पेला घेऊन झाडाखालच्या बाकावर बसायचे. सगळे पूल तिथून एका ओळीत दिसतात. १९५५ मध्ये उभारलेला आणि १९६२ मध्ये स्फोटाने उडवलेला स्टालिनचा प्रचंड पुतळा याच टेकडीवर होता.

एक दिवस प्ल्झेनसाठी राखावा. अंतर सुमारे ९० किलोमीटर, रेल्वेने दीड तास. १८३८ मध्ये तिथल्या नागरिकांनी खराब बिअरची ३६ पिंपे नगरपालिकेसमोर ओतून दिली आणि नवी ब्रुअरी बांधायला घेतली. जर्मनीतल्या बव्हेरियातून आणलेल्या योझेफ ग्रोल यांनी ५ ऑक्टोबर १८४२ रोजी तिथे पहिली सोनेरी लागर, म्हणजे थंडाव्यात आंबवलेली बिअर, शिजवली. तिथले मऊ पाणी, फिकट भाजलेला सातू आणि झातेत्स भागातले सुगंधी हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी वेलीची फुले, एकत्र आले आणि जगभरात आज जी पिवळी, स्वच्छ बिअर दिसते, तिची ती आई. झातेत्सच्या हॉप्सच्या मळ्यांचा प्रदेश २०२३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. ब्रुअरीच्या तळघरांत ९ किलोमीटर लांबीचे बोगदे आहेत, आत जर्किन घालूनही थंडी वाजते, आणि शेवटी ओकच्या पिंपातून न गाळलेली, किंचित गढूळ बिअर देतात. या एका पेल्यासाठी मी पुन्हा तिथवर जाईन.

पत्नी दारू पीत नाही. तिला पबमध्ये अवघडल्यासारखे होईल, अशी मला निघताना काळजी होती. आपल्याकडे परमिट रूम म्हटले की काळी काच, पडदा आणि मंद दिवा डोळ्यांसमोर येतो, आणि घरातल्या बाईने तिथे बसायचे नसते असा समज आहे. प्रागच्या पबला रस्त्यावर खिडक्या असतात, आत आजी-आजोबा जेवत असतात, टेबलाखाली कुत्रा झोपलेला असतो, आणि २०१७ पासून आत धूम्रपानालाही बंदी आहे. पत्नीने कोफोला घेतले. हे १९६० पासूनचे तिथले वनस्पतींच्या अर्काचे शीतपेय, अनेक पबमध्ये तेही नळावरच मिळते आणि त्याचाही पेला बिअरइतक्याच निगुतीने भरून येतो. शाकाहारी माणसाने ‘स्माझेनी सीर’ मागावे. ते तळलेले चीज असते आणि बटाट्याबरोबर येते. बटाट्याचे सूप मात्र विचारल्याशिवाय घेऊ नये, त्यात मांसाचे पाणी असू शकते.

रात्रीच्या पब क्रॉलचा सल्ला मागे घ्यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. एजन्सींनी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत लोकांना या पबातून त्या पबात फिरवण्यावर प्राग महापालिकेने ऑक्टोबर २०२४ मध्ये बंदीचा निर्णय घेतला आहे. जुन्या शहरात माणसे राहतात आणि रात्रभराच्या आरडाओरड्याने ती गांजलेली होती. अनेक रस्त्यांवर आणि चौकांत उघड्यावर पिण्यालाही मनाई आहे. गाडी भाड्याने घेतलेल्याने तर एक घोटही घेऊ नये, कारण चेक प्रजासत्ताकात वाहनचालकाच्या रक्तात अल्कोहोल शून्य लागते. आणि पैसे बदलताना पावती जपून ठेवावी. चौकाजवळच्या एका दुकानात फलकावरचा दर एक आणि हातात पडलेले कोरुना भलतेच, असे आमचे झाले. हॉटेलातल्या मुलीने सांगितले, की २०१९ पासूनच्या कायद्यानुसार ठरावीक मर्यादेपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करता येतो. आम्ही तसेच परत गेलो, पावती दाखवली आणि आमचे युरो परत मिळाले.

पुरवणीतला पुढचा लेख ब्रसेल्सवर असल्याचे आपण जाहीर केले आहे. तिथेही आकड्यांचा घोळ होण्याची शक्यता आहे आणि तो उलट बाजूने होईल. ‘रोशफोर १०’ या मठातल्या बिअरच्या नावातला दहा हा एका जुन्या बेल्जियन मापाचा अंश आहे. तिच्यात अल्कोहोल मात्र ११.३ टक्के असते, आणि प्रागच्या सवयीने तिचे चार पेले घेणारा माणूस खुर्चीवरून उठू शकणार नाही. तो आकडा लेखकाने तपासून घ्यावा आणि ठळक छापावा.

आपला,
एक निवृत्त चीफ केमिस्ट
जि. सांगली